पोपटाची शेपटी

पोरी,

तू भरलेला भरतकामाचा पोपट मिळाला. म्हणजे त्याचे फोटो मिळाले, पुढून दोन आणि मागून एक. मागचा न मागता पाठवलास, म्हणजे तुला तुझ्या सफाईची खात्री आहे, आणि ती असायलाच हवी. फुलीच्या टाक्यांचे (क्रॉस स्टिचचे) वरचे पाय सगळे एकाच दिशेला, दोरा कुठे आवळलेला नाही, कुठे सैल नाही. हात बसलाय तुझा.

तरी लिहितेस, "मावशी, सगळे वा वा करतात, पण तो मला माझा वाटत नाही." खरं आहे, तो तुझा नाहीच. कुठल्या चौकटीत कुठला हिरवा हे दुसऱ्याच कुणी ठरवलं, कागदावर छापलं आणि दोऱ्यांसकट पाकिटात घालून विकलं. तू भरलास. त्यात कमीपणा काही नाही, मीही अशी पाकिटं भरूनच शिकले. पण पत्राच्या शेवटी तू माफी मागितल्यासारखं एक वाक्य लिहिलंस: शेपटीशी आल्यावर हिरवा संपला, त्या छटेचा नंबर कुठे मिळेना, म्हणून घरातला गंजासारखा तपकिरी घातला. मी ती शेपटीच सगळ्यात जास्त वेळ बघत बसले. अख्ख्या पोपटात तेवढ्याच जागी तुला थांबून विचार करावा लागलाय, आणि तो दिसतो.

तुला एका मांजराची गोष्ट सांगते. स्कॉटलंडची राणी मेरी १५६८ मध्ये इंग्लंडला आसऱ्याला गेली आणि तिथल्या राणीच्या, नात्यातल्याच एलिझाबेथच्या, कैदेत पडली. १५८७ मध्ये शिरच्छेद होईपर्यंत काही सुटली नाही. त्या वर्षांत तिने ढीगभर भरतकाम केलं. त्यातली बरीच चित्रं तिची नव्हेत, छापील पुस्तकांतून उचललेली आहेत. कोनराड गेसनर नावाच्या स्विस निसर्गअभ्यासकाच्या प्राण्यांच्या पुस्तकात एक मांजर होतं, ते तिने कॅनव्हासवर रेशमाने भरलं. पुस्तकातलं मांजर एकटंच बसलंय. मेरीने त्याला तांबूस केलं आणि त्याच्यासमोर एक उंदीर आणून ठेवला. एलिझाबेथचे केस तांबूस होते. पत्रं पहारेकरी उघडून वाचायचे, पण उशीएवढ्या कापडावरचं मांजर कोण वाचत बसणार?

हे अशासाठी सांगितलं, की "स्वतःचं डिझाइन" म्हटलं की तू कोरा कागद पुढे घेऊन बसतेस आणि "मला चित्र येत नाही" म्हणून उठतेस. चित्र येण्याचा प्रश्न पहिल्या दिवशी काढूच नकोस. पुढचं पाकीट फोडशील तेव्हा त्यात दोन गोष्टी बदल. दोनच. सात-आठ बदलल्यास तर कुठल्या बदलाने काय झालं ते तुलाच कळणार नाही. आणि बदल करताना कारण असू दे, भले ते कुणाला सांगू नकोस.

आता टाक्याकडे येते, कारण माझा जीव तिथे अडकलेला असतो. आधी चित्र काढायचं आणि मग त्यात दोरा भरायचा, अशी आपल्याला सवय लागते. रंगाच्या पुस्तकात खडू फिरवावा तसं. पण दोरा म्हणजे रंग नव्हे. त्याला अंग आहे, त्यावर उजेड पडतो. एक पान भरून बघ. सहा पदरी दोऱ्यातले दोन पदर घे, एकच हिरवा. मधली शीर मोकळी ठेव. डावीकडचा अर्धा भाग शिरेकडून वर तिरपे, एकमेकांना चिकटून टाके घालत भर. उजवीकडचा त्याच्या उलट तिरपा. आता कापड ताणून बसवलेली रिंग खिडकीशी धर आणि हळूहळू फिरव. एक बाजू उजळते, दुसरी काळवंडते. आणखी फिरवलीस की अदलाबदल होते. दोऱ्याची लडी एक, पण डोळ्याला दोन हिरवे दिसतात. हे पेन्सिलीने होत नाही, म्हणून म्हणते की कागदावर सगळं ठरवून कापडाकडे जाऊ नकोस. टाक्याची दिशा ठरवणं हेच तुझं रेखाटन. मी स्वतः कापडावर फक्त बाहेरची रेघ काढते आणि आत दिशेचे चार-पाच बाण.

माझं फसलेलं एक काम सांगते. आईच्या हातांचा एक फोटो होता, मांडीवर ठेवलेले हात. ते मी लाँग अँड शॉर्टमध्ये, म्हणजे छटा मिसळणाऱ्या लांब-आखूड टाक्यांत, भरायला घेतले, सत्तावीस छटा. नऊ महिने लागले. झालं तेव्हा लोक म्हणाले, अगदी फोटो वाटतो. मलाही फोटोच वाटला, तोही जरा हललेला. हाताला काही आईपण येईना. मग ते ट्रंकेत गेलं. पुढे कधीतरी दोरा उरला होता म्हणून नुसती रेघ घेतली: अंगठ्यापासून मनगटापर्यंत स्टेम स्टिचची, म्हणजे देठासारखी रेघ काढणाऱ्या टाक्याची, एकच ओळ, आणि वाकड्या झालेल्या करंगळीच्या पेरावर एक गाठीचा टाका. वीस मिनिटांचं काम. बहिणीने ते दुरून पाहिलं आणि "आई!" म्हणाली. त्या करंगळीमुळे ओळखलं तिने. सत्तावीस छटांत मी ती करंगळी सरळ करून टाकली होती, बरी दिसावी म्हणून.

म्हणून कापड मोकळं सोडायला भिऊ नकोस. भरलं नाही म्हणजे आळस केला, असं म्हणणारे भेटतील. त्यांना चहा दे.

कॅनव्हासची जातकुळी मात्र वेगळी. तिथे बहुधा सगळं भरावंच लागतं, आणि गोल काढायला जावं तर पायऱ्या पडतात. इंचाला चौदा भोकं असली तर चौरस इंचात १९६ टाके. ऐकायला पुष्कळ वाटतात, पण त्या इंचात तुला पक्षी बसवायचा असेल तर डोळ्याच्या वाट्याला चार टाके येतात. तेव्हा आधी चौकटीच्या कागदावर डोळा बसतोय का बघ आणि मग पक्षी केवढा ते ठरव. उलट केलंस तर आंधळा पक्षी होतो. दुसरं, आडव्या ओळींनी तिरपे टाके घालत गेलीस की कॅनव्हास एका बाजूला कलतो, चौकोनाचा पतंग होतो. तिरक्या ओळींनी, एकदा वरून खाली आणि मग खालून वर भरलंस की मागे टोपलीसारखी वीण दिसते आणि कापड सरळ राहतं. दोरा थोडा जास्त खातं, खाऊ दे.

रंगांचं विचारलं होतंस. फ्रान्समधल्या बायो गावाचा पट (टॅपेस्ट्री) म्हणून जो प्रसिद्ध आहे, अकराव्या शतकातला, सुमारे सत्तर मीटर लांब, इंग्लंडमधल्या १०६६ च्या लढाईची गोष्ट सांगणारा, तो विणलेला नाही. लिननवर लोकरीने भरलेला आहे. त्यात रंग दहाच्या आसपास. आणि घोडे बघ त्यातले! अलीकडचे पाय एका रंगाचे, पलीकडचे दुसऱ्याच. निळ्या घोड्याला पिवळे पाय असला प्रकार. घोडा असा नसतो हे भरणाऱ्यांना माहीत नव्हतं थोडंच? पण कुठला पाय पुढे आणि कुठला मागे, ते एका नजरेत कळतं. तुझ्या डब्यात दोऱ्यांच्या ऐंशी लड्या आहेत म्हणालीस. त्यातल्या पाच बाहेर काढ आणि डबा बंद कर. पाचही कापडावर एकमेकींना खेटून टाक, मोबाइलवर फोटो काढ, तो कृष्णधवल कर. दोन लड्या सारख्याच करड्या दिसल्या तर त्या शेजारी ठेवून उपयोग नाही. रंग वेगळे असले तरी लांबून एकच दिसतील. त्यातली एक बदल.

उसवायचं कधी, हेही विचारलं होतंस. रात्री तर कधीच उसवू नकोस. सकाळी उठल्यावरही टोचलं तर मागून कातरीने टाके कापून चिमट्याने काढ. ओढत बसलीस तर कापडाची भोकं मोठी होतात. आणि मागच्या बाजूचा फार बाऊ करू नकोस. गाठी टाळ, कारण त्या पुढून उंचवट्यासारख्या दिसतात आणि इस्त्रीत चमकतात. लांब उड्या मारू नकोस, गडद दोरा फिक्या कापडातून सावलीसारखा दिसतो. तेवढं सांभाळलंस की पुरे. भरतकाम उलटं करून बघणाऱ्या बायका मीही पाहिल्यात. त्यातल्या निम्म्या जणी पुढची बाजू नीट बघतच नाहीत.

पुढचं काम तळहाताएवढं कर. विषय सुचत नाही ही तक्रार मी ऐकणार नाही, कारण तुझ्याच फोटोत, पोपटाच्या बाजूला, टेबलावर तुझ्या चार्जरची वायर पडली होती. तीन वेटोळी, एका जागी चिकटपट्टी गुंडाळलेली. ती रोज बघतेस ना? ती काढ. एकच रेघ, स्टेम स्टिच, तीन पदर. चिकटपट्टी गुंडाळलीय तिथे काय करायचं ते मी सांगणार नाही. चार दिवसांत होईल. झालं की फोटो पाठव, या वेळी पुढचाच.

तुझी,
मावशी

ता. क. रात्री काम ठेवताना कापड रिंगमधून काढत जा, आणि सुई कापडात टोचून ठेवू नकोस. पोपटाच्या डाव्या पंखाखाली जो बारीक पिवळा ठिपका आहे तो दोरा नाही, गंज आहे.