कराडहून कॉलनीची चाळीस माणसं सातारा जिल्ह्यातल्या मायणी तलावावर पक्षी बघायला न्यायची आहेत. फ्लेमिंगो हमखास दिसतील का?

हमखास काही नाही. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, उथळ पाण्यातला पक्षी. डोकं उलटं करून चोच पाण्यात घालतो आणि शेवाळ, बारीक किडे-जीव गाळून खातो. तलाव काठोकाठ असला तर तो कशाला थांबेल? त्यामुळे मायणीत नसले तर येरळवाडीला, सूर्याचीवाडीला बघा. कानकात्रे धरून हे चारही तलाव 2021 मध्ये एकत्रच संवर्धन राखीव जाहीर झाले. ते योग्यच झालं, कारण पाणी उतरेल तसे पक्षी या तलावावरून त्या तलावावर जातात.

पण तुमच्या प्रश्नातलं 'चाळीस माणसं' वाचून मला राहवलं नाही. मी विट्याची. आमच्या भागातल्या एका मंडळाची सहल मी येरळवाडीला नेली होती. रोहित छान जवळ चरत होते. मंडळातल्या एका काकांना मात्र ते 'नुसते उभे' वाटले. त्यांनी पोरांना काठावर पळवलं, टाळ्या वाजवायला लावल्या. अख्खा थवा उठला. फोटो निघाले, सगळे खूश, आणि पुढचा तासभर समोर रिकामं पाणी.

काकांचं म्हणणं आजही तेच आहे: पंखांतला लाल रंग उडतानाच दिसतो, एवढ्या लांबून आलेल्या माणसांना तो दाखवायला नको का? रंगाचं खरं आहे. पण रोहित चिमणीसारखा भुर्रकन उडत नाही. त्याला पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो, त्यात ताकद जाते आणि चरणं मोडतं ते वेगळंच. शांत बसलात तर सकाळच्या वेळात दोन-चार पक्षी आपणहून जागा बदलतात, पंखही उघडतात. त्या दिवशी गुडघे दुखतात म्हणून एक आजी बाभळीखालीच बसून राहिल्या होत्या. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, नदीसुरय, चमच्याचं पाण्यात डावी-उजवीकडे चोच फिरवणं, हे सगळं त्यांनी एकटीनं पाहिलं. सहल त्यांची झाली, बाकीच्यांची नाही. काका, तुम्ही हे वाचत असाल तर माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

पट्टकदंबांचं तर आणखी कठीण. तिबेट-लडाखकडून हिमालय ओलांडून येणारी ही हंसं रात्री हरभऱ्या-गव्हाच्या रानात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. म्हणजे आपली बस पोचते तेव्हा त्यांची झोपेची वेळ. मार्चच्या सुमारास त्यांना परत तोच हिमालय पार करायचा असतो, अंगावर चरबी साठलेली हवी. आणि ज्यांच्या रानात ती चरतात ते शेतकरी सोसतात. आपण पाहुणे येऊन या पक्ष्यांना हुसकावायचं, हे मला पटत नाही.

तेव्हा न्या, जरूर न्या. गर्दी नको म्हणणारे पक्षीमित्रही मला पटत नाहीत. माणसांनी पाहिलंच नाही तर तलावात गाळपेर (उघड्या पडलेल्या गाळात पेरणी) झाली काय नि कचरा पडला काय, ओरडणार कोण? फक्त दहा-दहाचे गट करा, दोन गटांत अंतर ठेवा. ऊन पाठीशी राहील असं, म्हणजे सकाळी पूर्वेच्या काठावर बसा. स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा. नाश्ता गावात करा, काठावर नको. दोन दुर्बिणी कुणाकडून तरी मागून आणा, त्यांच्याशिवाय चाळीस जणांना ठिपकेच दिसतील.

जायचं कधी, हे राहिलंच. जानेवारी-फेब्रुवारी. पण पाऊस लांबला असेल किंवा टेंभू-उरमोडी सिंचन योजनांचं पाणी नुकतंच सोडलं असेल तर हेही चुकू शकतं, म्हणून बस ठरवण्याआधी तिथल्या कुणाला तरी फोन करून पाणी किती आहे ते विचारा. तुडुंब आहे म्हणाले तर रोहितचं नाव पत्रकात छापू नका, बदकं आणि वारकरी पक्षी (कूट) भरपूर असतील.