भाकरी तोंडी लावायला

प्रिय मित्रा,

तुझा रिपोर्ट नीट पाहिला. उपाशीपोटी साखर १०८, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा) ५.९, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१०, वजन ७८ किलो. हा मधुमेह नव्हे, त्याची आदली पायरी आहे, एचबीए१सी ५.७ ते ६.४ असलं की माणूस त्या पायरीवर असतो. इथून मागे फिरता येतं, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

येत्या सोमवारपासून पोळी, भात, साखर सगळं बंद, असं तू लिहिलं आहेस. तसं करू नकोस. दिवसाला पावणेतीनशे ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं, खायची सवय असलेल्या शरीराला एका रात्रीत वीस ग्रॅमवर आणलं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं धरतं, आठवड्यात घरात कुरबुर सुरू होते आणि दुसऱ्या रविवारी बिर्याणीवर सगळं संपतं. इतके कमी कार्ब म्हणजे कीटो, आणि तुझ्या रिपोर्टला त्याची गरज नाही. दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलास तरी ते लो कार्बच झालं, आणि ते मराठी स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं निभावतं.

करायचं एवढंच आहे. आपल्याकडे जेवण म्हणजे पोळी, भाकरी, भात. भाजी, उसळ, कोशिंबीर ही त्याला तोंडी लावायला. तुझ्या ताटात हे उलटं व्हायला हवं. भाजी, उसळ, अंडी, पनीर, मासे हे जेवण, आणि भाकरी तोंडी लावायला. पुढे जे लिहितो आहे तो या अदलाबदलीचा हिशोब आहे.

आधी एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घे. तीन दिवस खाण्यात काहीही बदल न करता फक्त मोजायचं आणि वहीत लिहायचं. आईने कणीक मळली की पोळीचा एक गोळा काट्यावर ठेव. ४८ ग्रॅम भरला तर त्यात पीठ साधारण ३० ग्रॅम, उरलेलं पाणी. म्हणजे एका पोळीत सुमारे २० ग्रॅम कार्ब. आता भाकरी थापण्याआधी परातीतलं कोरडं पीठ मोज. मध्यम आकाराच्या भाकरीला ६० ग्रॅम पीठ सहज लागतं, त्यात कार्ब ४० ग्रॅम. एक भाकरी दोन पोळ्यांच्या बरोबरीची निघते. “पोळी सोडली, आता भाकरीच खातो” म्हणणारे इथेच फसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते पाहिलेस तर १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात ६४ ग्रॅम, ज्वारीत जवळपास ६८, नाचणीत ६७ आणि बाजरीत ६२ ग्रॅम कार्ब दिसतील. ज्वारी उत्तम धान्य आहे, पोटाला आधार देते, पण लो कार्ब नाही. मल्टीग्रेन आट्याचंही तेच. पिशवीवर काहीही छापलेलं असो, पीठ ते पीठच.

वाटीभर शिजलेला भात दीडशे ग्रॅम भरतो, त्यात ४० ग्रॅम. बशीभर पोह्यांना ६० ग्रॅम कोरडे पोहे लागतात, त्यात ४६. चहाचा सपाट चमचा साखर म्हणजे ५. वाटीभर वरणात डाळ ३० ग्रॅम धरली तर १६-१७. आता बेरीज कर: सकाळी पोहे आणि चहा, डब्यात तीन पोळ्या, वर वरणभात, संध्याकाळी चहा आणि चार बिस्किटं, रात्री दोन पोळ्या आणि पुन्हा भात. २७० च्या आसपास जाशील. घरोघरी हेच ताट आहे. आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत भारतीयांच्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कार्बमधून येतात, असं दिसलं.

चौथ्या दिवशी कमी करायला लागू नकोस. आधी प्रोटीन वाढव. पोळ्या कमी केल्या आणि त्यांच्या जागी काही आलं नाही, तर दुपारी चार वाजता हात फरसाणाच्या डब्यात जाणारच. तेव्हा मनोनिग्रह कामाला येत नाही, पोट रिकामं असतं. तुझ्या वजनाला दिवसाला ७५ ते ८० ग्रॅम प्रोटीन धर. दोन अंडी १२, शंभर ग्रॅम पनीर १८, तीस ग्रॅम कोरड्या सोया वड्या १५, मटकीची वाटीभर उसळ ६, पावशेर दही ८, तीस ग्रॅम शेंगदाणे ८, दोन-तीन पोळ्यांचं ८. झाले पंचाहत्तर. रविवारी बांगडा किंवा चिकन असलं तर काम सोपं होतं. मोठ्या दोन तुकड्यांत २५-३० ग्रॅम मिळतं आणि कार्ब शून्य. फक्त माशाला तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवायचं नाही. हळद, तिखट, मीठ, आगळ लावून तव्यावर थोड्या तेलात परत.

वरणाबद्दल एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. डाळ म्हणजे प्रोटीन असं समजून लोक दोन वाट्या वरण पितात. तुरीच्या डाळीत प्रोटीनच्या अडीचपट कार्ब असतात. डाळ, उसळ, पिठलं हे सगळं चालेल, पण एका जेवणात एकच, आणि ते असेल तेव्हा पोळी एकने कमी.

बदल तीन टप्प्यांत कर. पहिल्या आठवड्यात फक्त नाश्ता आणि चहा. चहातली साखर रोज पाव चमचा कमी कर, जिभेला कळतही नाही. बिस्किटं बंद. गूळ, मध, खजूर यांना साखरेचीच माणसं समज. गुळातही बहुतेक साखरच आहे. आमटीतला खडा चौघांत वाटला जातो, त्यावरून आईशी वाद घालू नकोस. नाश्त्याला आठवड्यातून चार दिवस अंडी: दोन-तीन अंड्यांचं ऑम्लेट, कांदा-टोमॅटो-कोथिंबीर भरपूर, सोबत वाटीभर दही, पाव नाही. उरलेले दिवस मुगाच्या डाळीची धिरडी. पन्नास ग्रॅम सालीची डाळ रात्री भिजत घाल, सकाळी पाणी काढून आलं, मिरची, जिऱ्याबरोबर वाट. वाटताना पाणी चमच्याचमच्यानेच घाल, कारण पीठ पातळ झालं की धिरडं उलटताना फाटतं आणि मग माणूस त्यात तांदळाचं पीठ मिसळतो. तवा चांगला तापल्यावर आच कमी करून पीठ पसर, कडा सुटेपर्यंत उलथनं लावू नकोस. दोन धिरडी होतात. आत पन्नास ग्रॅम कुस्करलेलं पनीर भर. प्रोटीन वीसच्या पुढे, कार्ब सत्तावीस-अठ्ठावीस.

पोहे अगदीच सुटत नसतील तर पंचवीस ग्रॅम पोहे आणि दीडशे ग्रॅम बारीक चिरलेला कोबी एकत्र फोडणीला टाक, शेंगदाणे वीस ग्रॅम. कोबी आधी झाकण न ठेवता परतायचा, नाहीतर पाणी सुटून लगदा होतो.

दुसऱ्या आठवड्यात एका जेवणात एकच धान्य. पोळी असेल तर भात नाही, भात असेल तर पोळी नाही. रात्रीचा भात थांबव. तिसऱ्या आठवड्यात दुपारी दोन पोळ्या, रात्री एक पोळी किंवा अर्धी भाकरी. इथे तू १२० ते १३० वर आलास.

आणि भाजी. याबद्दल कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. चौघांच्या घरात एका वेळेला पावकिलो भेंडी चिरली जाते. प्रत्येकाच्या वाट्याला साठ ग्रॅम. तुला एकट्याला एका जेवणात दोनशे ग्रॅम हवी. म्हणजे मंडईतली खरेदी वाढणार, चिरण्याचं काम वाढणार, आणि ते काम तुझं आहे, आईचं नाही. रविवारी फ्लॉवर, कोबी, फरसबी, गवार निवडून-चिरून डब्यांत भर. फ्लॉवर-कोबी चार दिवस सहज टिकतात. पालेभाजीची जुडी शिजून वाटीभरच होते, तेव्हा मेथी, पालक, शेपू, चाकवत तुझ्यासाठी जुडीच्या हिशोबाने आण. दुधी, दोडका, पडवळ, वांगी, तोंडली, सिमला मिरची, सगळं मोकळेपणाने खा. बटाटा, रताळं, सुरण, अळकुड्या मोजून, आणि त्या दिवशी पोळी कमी. दाण्याचं कूट, तीळ, कारळं, सुकं खोबरं भाजीत घालायला हरकत नाही. जवसाची चटणी तर रोज दोन चमचे खा. जवसातल्या कार्बपैकी जवळजवळ सगळा चोथाच असतो. शेंगदाणे मात्र वाटीत मोजून घे. तीस ग्रॅम म्हणजे १७० उष्मांक, पण टीव्हीसमोर पुडा उघडला की शंभर ग्रॅम कधी संपले ते समजत नाही.

उपवासाचा दिवस सगळ्यात घातक. ऐंशी ग्रॅम साबुदाण्याची खिचडी म्हणजे सत्तर ग्रॅम कार्ब, जवळपास निव्वळ स्टार्च, त्यात वर बटाटा. वरीचे तांदूळही भातासारखेच. पण उपवासाला चालणारे चांगले पदार्थ आपल्याकडेच आहेत: दाण्याची आमटी, खमंग काकडी, लाल भोपळ्याचं दह्यातलं भरीत, ताक, घरी चालत असेल तर पनीर. आमटी नुसती पी, वरीशिवाय. चतुर्थीला मोदक आले तर एक खा, साजूक तूप घालून, आणि त्या जेवणात भात घेऊ नकोस.

आता शरीरात काय होईल ते सांगतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत वजन दीड-दोन किलो उतरेल. ती चरबी नसते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. साठा कमी झाला की ते पाणी जातं. म्हणूनच लग्नातल्या जेवणानंतर दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो. दोन्ही वेळा काट्यावर विश्वास ठेवू नकोस; दर रविवारी सकाळी बेंबीच्या रेषेत कंबर मोज. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं मीठही जास्त बाहेर टाकतात. डोकं जड होणं, उठताना अंधारी येणं, रात्री पोटऱ्यांत गोळे येणं हे बहुतेक त्याचंच लक्षण असतं. तुझा रक्तदाब चांगला आहे, तेव्हा दिवसातून दोनदा पेलाभर ताक, जिरेपूड आणि पाव चमचा मीठ घालून पी. बद्धकोष्ठ झालं तर आधी पाणी आणि भाजी तपास, मग रात्री दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यातून घे, आणि वर आणखी पेलाभर पाणी.

यात लोक करतात ती एक मोठी चूक सांगतो. तूप, लोणी, चीज वाढवायचं आणि पोळ्याही पहिल्याइतक्याच खायच्या. लो कार्बमध्ये तूप चालतं एवढंच कानावर पडलेलं असतं. त्या दोन्हींची बेरीज पहिल्या ताटापेक्षा वाईट. फोडणीला नेहमीचं शेंगदाणा तेल पुरे.

तुझे बाबा ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेतात, हे मी विसरलेलो नाही. एकाच घरात एकच ताट वाढलं जातं, म्हणून हे ठळकपणे सांगतो: त्यांनी तुझ्याबरोबर पोळ्या कमी करायच्या म्हटलं तर आधी डॉक्टरांकडून गोळीचा डोस बदलून घ्यायचा, मगच. कार्ब कमी आणि गोळी तितकीच, यात साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम, हाताला कापरं, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायची. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हेच लागू. डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना कार्ब फार उतरवले तर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेलीही दिसत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, मूत्रपिंडाचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही हे सुरू करू नये.

तुला औषध नाही, तरी सुरू करण्याआधी लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) करून ठेव, तीन महिन्यांनी एचबीए१सीसकट पुन्हा. एचबीए१सी लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून निघतं आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून महिन्याभरात एचबीए१सी करून निराश होऊ नकोस. ट्रायग्लिसराइड बहुधा आधी उतरेल. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, काही जणांचं वाढतं, तसं झालं तर तूप-खोबरं कमी करून आपण पुन्हा पाहू. उपाशीपोटीची साखर काही वेळा उशिरा हलते. ग्लुकोज पाजून करायची चाचणी कुणी सांगितली तर आधीचे तीन दिवस रोज दीडशे ग्रॅमवर कार्ब खा, नाहीतर निकाल खोटाच वाढलेला येतो.

एक प्रयोग मात्र याच आठवड्यात, मोजणीच्या दिवसांतच कर. घरात बाबांचं ग्लुकोमीटर आहे. सुई तुझी नवी घे. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे कर, बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी आकडा फुगतो. बोटाच्या टोकाऐवजी बाजूला टोच, दुखत नाही. एका सकाळी नेहमीचे पोहे, खाण्याआधी मोज आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी मोज. दुसऱ्या सकाळी तीन अंड्यांचं ऑम्लेट आणि दही, तसंच दोनदा. चारही आकडे वहीच्या एकाच पानावर शेजारी शेजारी लिही आणि त्या पानाचा फोटो मला पाठव. दुपारच्या पोळ्या दोन ठेवायच्या की अडीच, ते त्यावरून ठरवू.

तुझा,
काका