शेडचं कुलूप आधी काढा

प्रश्न : माझा मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला 84 टक्के होते, आता सहामाहीत गणितात 47 आणि फिजिक्समध्ये 52. जेईईच्या क्लासची 1 लाख 40 हजार फी पतपेढीचं कर्ज काढून भरली आहे. हा मात्र वर्षभर घरामागच्या शेडमध्ये भंगारातल्या मारुती 800 ची बग्गी, म्हणजे उघडी छोटी मोटारगाडी, बनवतोय. सुटीत गॅरेजमध्ये काम करून मिळवलेले 38 हजार त्यातच घातले. मी 26 वर्षं भोसरीत मशिन शॉपला आहे. माझे हात काळे झाले तेवढे पुरे, याने खुर्चीत बसून काम करावं. आधी इंजिनिअर हो, मग काय त्या गाड्या बनव, असं सांगून थकलो. दिवाळीनंतर शेडला कुलूप घातलं, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. गाडी भंगारात द्यायची ठरवली आहे. फोटो आणि त्याच्या वहीची पानं सोबत पाठवतो. तुम्हीच त्याला समजवा.
– एक वडील, निगडी

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. गुणांची मला फारशी काळजी वाटली नाही. सहामाहीला घसरलेली मुलं फेब्रुवारीपर्यंत सावरलेली मी पुष्कळ पाहिली आहेत. मी अडले ती ‘माझे हात काळे झाले तेवढे पुरे’ या वाक्यापाशी.

दादा, 26 वर्षं मशिन शॉपला काढणं म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. मी बारा वर्षं पॉलिटेक्निकमध्ये शिकवलंय आणि दर वर्षी मुलांना घेऊन भोसरी, चाकणच्या कारखान्यांत गेलेय. दहा मायक्रॉनसाठी, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी, जॉब (घडवलेला भाग) परत पाठवणारी माणसं मी तिथे पाहिली. तुम्ही त्यांच्यातलेच एक. आणि तुम्हीच मुलाला सांगताय की हे काम कमीपणाचं आहे, यातून सुटका करून घे. वहीच्या पहिल्याच पानावर त्याने बेअरिंगची मापं लिहिली आहेत, दोन दशांश स्थळांपर्यंत, प्रत्येक माप तीनदा घेऊन. ही सवय गॅरेजमध्ये कुणी लावत नाही. ती तुमच्या घरातून आलेली आहे. तुमचं पत्र पानभर आहे, पण त्यात ही गाडी चालते कशी, हे तुम्ही त्याला एकदा तरी विचारल्याचं कुठे दिसलं नाही. याचंच मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून त्याला समजवायचं काम मी घेत नाही. मला तुमच्याशीच बोलायचंय.

तुम्ही पाठवलेलं तिसरं पान बघा. मारुती 800 ला इंजिन पुढे असतं आणि पुढचीच चाकं गाडी ओढतात. याने इंजिन, गिअरबॉक्स, चाकं असं सगळं बिऱ्हाड उचलून मागे नेलं आणि पुढे जुन्या ओम्नीची चाकं बसवली. म्हणजे मूळची वळणारी चाकं आता मागे आली. ती वळता कामा नयेत, म्हणून त्यांचे टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारे दांडे, चॅसिसला (गाडीच्या सांगाड्याला) बांधावे लागतात. बांधायची जागा, म्हणजे तिथला ब्रॅकेट, जरा चुकली, की चाक खड्ड्यात खालीवर होताना आपोआप आत-बाहेर फिरतं. त्याने लिहिलंय : ‘ब्रॅकेट चौथ्यांदा कापला. आता चाक पूर्ण उचललं तरी 2 मिमीच फिरतं.’ सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःहून हे ओळखलं, मोजलं आणि चार वेळा दुरुस्त केलं. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या कित्येक प्रोजेक्ट रिपोर्टांत मला एवढं सापडलं नव्हतं.

आता गणिताचे 47. सस्पेन्शनच्या आर्मचं (चाकासोबत खालीवर होणाऱ्या दांड्याचं) टोक एका वर्तुळाच्या कंसावर फिरतं, टाय रॉडचं दुसऱ्या. दोन्ही कंस जितके जुळतील तितकं चाक सरळ राहतं. वर्तुळ तो अकरावीत शिकलाय. दोन कंस कागदावर काढून बघितले असते, तर तीन ब्रॅकेट आणि दोन रविवार वाचले असते. हे त्याला नक्की सांगा, माझं नाव घेऊन सांगा. गणित कशाला हवं, हे त्याला क्लासच्या जाड पुस्तकांतून कळलेलं नाही. इथून कळेल.

‘आधी इंजिनिअर हो, मग गाड्या बनव’ हा समज तुमच्यासारख्या अनेक पालकांचा असतो, आणि तो चुकीचा आहे. डिग्री हातात पडली म्हणून हात चालायला लागत नाहीत. इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांसाठी 2007 पासून बाजा ही स्पर्धा होते. एका माणसाची, खडबडीत रस्त्यावर चालणारी बग्गी मुलांनी स्वतः डिझाइन करायची, स्वतः बांधायची आणि ती तासन्‌तास न मोडता पळवून दाखवायची. पुण्यातली कितीतरी कॉलेजं त्यात उतरतात. टीम निवडताना सीनिअर मुलं नव्या मुलांना विचारतात, वेल्डिंग येतं का? लेथवर उभा राहिलायस का? उत्तम पर्सेंटाइल घेऊन आलेल्या बऱ्याच मुलांना तिथे मान खाली घालावी लागते. ज्याची तयारी चार वर्षांनी सुरू करायला तुम्ही सांगताय, त्याचा एक मोठा टप्पा तुमच्या मुलाने पत्र्याच्या शेडमध्ये 38 हजारांत पार केलाय.

जेईईचा हट्ट सोडा. एमएचटी-सीईटी नीट द्यावी, गुण कमी पडले तर बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तिथून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि औंधच्या आयटीआयमध्ये गेला तरी मला त्यात काही वावगं दिसत नाही. कर्जाचं ओझं मात्र त्याच्या डोक्यावर ठेवू नका. ते त्याने मागितलं नव्हतं.

तुमची एक भीती खरी आहे, जरी तुम्ही ती लिहिली नसली तरी. ही गाडी रस्त्यावर येता कामा नये. कितीही सुंदर झाली तरी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2019 मध्ये तेच सांगितलंय. दंड एका बदलाला 5 हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय तो अठराचा नाही. त्याने गाडी रस्त्यावर काढली, तर पालक म्हणून तुम्हाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार दंड होऊ शकतो, आणि त्याला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळणार नाही. 2024 मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या गाडीने दोघांचे जीव घेतले, ते आपण पुणेकरांनी पाहिलंय. भंगारातून घेतलेल्या 800 चे कागद कुणाच्या नावावर आहेत आणि आरटीओत तिची नोंदणी रद्द झाली आहे का, हेही तपासा. चालवायचीच असेल तर गावाकडे स्वतःचं शेत असेल तिथे, गाडी उलटली तर वाचवणारा पाइपचा पिंजरा, पट्टा आणि हेल्मेट असेल तेव्हाच, आणि तुम्ही बांधावर उभे असताना.

फोटोंत मला दोन गोष्टी खटकल्या. सीटच्या सांगाड्याच्या जोडांभोवती पांढरी पूड दिसते. त्याने तिथे नळाचा जीआय पाइप वापरलेला दिसतोय. त्यावरचं जस्त वेल्डिंगच्या उष्णतेने जळतं, आणि तो धूर बंद शेडमध्ये छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. तो पाइप काढायला लावा, काळा पाइप आणा. पिंजरा तर जीआयचा नकोच. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी पाइप स्वस्त मिळतो, पण चांगला कुठला हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळेल. तुम्ही सोबत जा.

दुसरी गोष्ट ब्रेकची, आणि तिने मला झोप लागू दिली नाही. 800 ची जोरदार डिस्क ब्रेकवाली चाकं मागे गेली आणि ओम्नीच्या पुढच्या चाकांना फोटोत कमी जोराचे ड्रम ब्रेक दिसतात. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून जास्त जोराचे ब्रेक पुढे लागतात. इथे उलटं झालंय. जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी अडकतील आणि गाडी गर्रकन फिरेल. ही चूक कुणीतरी त्याच्या शेजारी बसून दाखवायला हवी, आणि तुमच्याइतका जवळचा माणूस त्याला दुसरा मिळणार नाही.

परीक्षेपर्यंत शेड फक्त रविवारी, चार तास. वेळ त्यालाच ठरवू द्या, तो पाळेल. भंगारवाल्याला नाही म्हणून कळवा. येत्या रविवारी कुलूप काढाल तेव्हा तुमचा मापं घ्यायचा व्हर्निअर सोबत न्या, आणि ब्रेकच्या पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा मास्टर सिलिंडर कुठल्या गाडीचा वापरलाय, हे पहिलं विचारा. वहीतलं ब्रेकचं पान कोरं आहे.