मी खोटं बोलत नाही, तरी माझ्यावर कुणी विसंबत का नाही?

"मी आजवर कुणाला फसवलेलं नाही. तरी घरी आणि ऑफिसात माझ्या शब्दाला किंमत का नाही?" चाळिशीतले एक गृहस्थ पहिल्याच भेटीत विचारत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो, आणि विचारणारी माणसं बहुतेक वेळा खरंच प्रामाणिक असतात.

मी त्यांना आदल्या आठवड्याचे मेसेज उघडायला लावले. "आज रात्रीपर्यंत पाठवतो." "निघालोच." "मी बघतो ते, काळजी नको." प्रत्येक मेसेजवर मी एवढंच विचारत होते, "मग?" अकरा वेळा शब्द दिला होता, चारदा पाळला होता. उरलेल्या सातांपैकी सहांमध्ये नंतर त्यांच्याकडून एक ओळही गेली नव्हती. फोन खाली ठेवून ते बराच वेळ गप्प राहिले.

'हो' म्हणताना त्यांना ते काम होईल असं मनापासून वाटायचं. वेळेचा अंदाज आपण सगळेच कमी धरतो. मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४च्या अभ्यासात विद्यार्थ्यांनी प्रबंध पुरा करायला सरासरी ३४ दिवस लागतील असं सांगितलं होतं. लागले ५५हून जास्त. पण ऐकणाऱ्याला आपला हेतू दिसत नाही. त्याची ताटकळत गेलेली संध्याकाळ तेवढी त्याच्या लक्षात राहते.

दुसऱ्या भेटीला पत्नी आल्या. "मी आता भांडत नाही. हे 'हो' म्हणाले की मी गुपचूप दुसरी सोय करून ठेवते." भांडणं थांबली म्हणून ते निश्चिंत होते. मला त्याचीच काळजी वाटली. ऑफिसातही साहेब काम त्यांना देऊन मागोमाग आणखी कुणाला तरी विचारून ठेवायचे.

आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. लगेच 'हो' म्हणायचं नाही. "बघून तासाभरात सांगतो" म्हणायचं आणि तासाभरात सांगायचंच. आणि उशीर होणार हे कळलं की त्याच क्षणी कळवायचं, मुदत उलटल्यावर नाही. पहिल्या नकाराच्या वेळी घशाला कोरड पडली, म्हणाले. "शुक्रवारी जमणार नाही, सोमवारी देतो" हे ऐकून साहेब नाराज झाले. काम मात्र सोमवारी सकाळी त्यांच्या टेबलावर होतं.

घरी जास्त वेळ लागला. दोन महिने काहीच फरक पडला नाही, आणि ते खचत चालले होते. "आता तरी यांच्यावर विश्वास ठेवा" असं मी पत्नीला मुद्दामच सांगितलं नाही. ज्याने इतकी वर्षं वाट पाहिली, त्याच्यावर हे ओझं टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी ते आले ते बोलतच. पत्नीने विचारलं होतं, "माझ्या आईला गुरुवारी डॉक्टरांकडे न्याल का?" त्यांनी आधी डायरी पाहिली, मग म्हणाले, "गुरुवारी नाही जमणार, शुक्रवारी नेतो." शुक्रवारी ते वेळेवर पोहोचले, तेव्हा सासूबाई चप्पल घालून दारातच उभ्या होत्या.

"तिने दुसरी सोय केली नव्हती," ते म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले.