बँड दौऱ्यावर असताना दोन शोंच्या मधल्या प्रवासात नेमकं काय घडतं?

तुमचा बँड पहिल्यांदाच सलग काही शहरांत वाजवायला निघतोय आणि दोन शोंच्या मध्ये काय होतं, सगळे सांगतात तशी धमाल खरंच असते का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं एका बँडमध्ये बेस गिटार वाजवतो. गाडीत सामान लावण्याचं कामही माझ्याकडेच आहे, त्यामुळे स्टेजपेक्षा रस्त्याबद्दलच मला जास्त सांगता येईल. धमाल असते, भरपूर असते. पण ती ठरवून होत नाही. काहीतरी बिनसलं की आपोआप उभी राहते.

आधी वेळेचा हिशोब समजून घ्या. स्टेजवर आपण असतो दीड तास. त्यासाठी दुपारीच पोचायचं, सामान उतरवायचं, जोडणी करायची, साउंडचेक द्यायचा, मग नंबर लागेपर्यंत ताटकळत बसायचं. वाजवून झालं की तेच सगळं उलट्या क्रमाने. उरलेला दिवस गाडीत. हे आधी माहीत नसलेली चांगली चांगली माणसं तीन-चार दिवसांत चिडचिडी होतात, कारण त्यांच्या डोक्यात दौरा म्हणजे रोज रात्रीच्या टाळ्या एवढंच असतं.

गाडी भरणं हे शिकून घ्यायचं काम आहे. आमच्याकडे बेसचा अँप (आवाज वाढवणारं यंत्र) आणि स्पीकरचे खोके सगळ्यात आधी चढतात. ते खाली, सीटांच्या पाठीला अगदी चिकटून, आणि वर घट्ट आवळलेला पट्टा. तो पट्टा हवाच. ब्रेक जोरात लागला की सुटा अँप थेट माणसांच्या मानेवर येतो. ड्रम दाराशी, कारण पोचल्यावर जोडायला सर्वांत जास्त वेळ त्यांनाच लागतो, म्हणून तेच आधी उतरले पाहिजेत. गिटारी सर्वांत वर, कशाखालीही नाहीत. एकदा जमलेली मांडणी रोज तीच ठेवायची, म्हणजे रात्री एक वाजता पेंगलेल्या डोळ्यांनीसुद्धा एखादी जागा रिकामी दिसली की काय राहिलंय ते लगेच कळतं. गाडी सुटण्याआधी एकाने टॉर्च घेऊन अख्ख्या स्टेजवरून फिरून यायचं. ड्रमखालच्या गालिच्याच्या घडीत कॅपो (गिटारच्या दांडीवर लावायचा चिमटा) सापडतो, पडद्यामागच्या सॉकेटला पेडलबोर्डचा (गिटारचा आवाज बदलणारे पेडल बसवलेल्या फळीचा) अॅडॉप्टर तसाच लटकत असतो.

आणि मुक्कामाला गाडी लावताना मागचं दार भिंतीला टेकेल अशी लावा. दार उघडायलाच जागा नसेल तर चोराचं काम अवघड होतं. सोनिक यूथ या बँडचा सामानाचा अख्खा ट्रक जुलै 1999 मध्ये कॅलिफोर्नियात रातोरात चोरीला गेला. त्यांच्या कित्येक गिटारी स्वतः फेरफार करून, वेगळ्याच सुरांत लावून, विशिष्ट गाण्यांसाठी तयार केलेल्या होत्या. त्यामुळे गिटारींबरोबर काही गाणीही वाजवता येईनाशी झाली. त्यातली काही वाद्यं पुढे कित्येक वर्षांनी एकेक करून परत मिळाली. विमा असला तरी अशा वाद्याची भरपाई होत नाही.

आता तुम्हाला हवा असलेला किस्सा. दोन शहरांच्या बरोबर मध्ये, दिवेलागणीच्या वेळी आमच्या गाडीच्या इंजिनचा पट्टा तुटला. आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग तापमानाचा काटा वर सरकायला लागला. ड्रायव्हरकाकांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि तुटलेला पट्टा हातात धरून दाखवला.

“काका, हळूहळू नेऊ ना, थोडंच राहिलंय,” आमचा कीबोर्डवाला म्हणाला.

“हळू नेली तरी पाणी फिरणार नाही रे. इंजिन जाम झालं तर आजचा शो सोड, पुढचा दौराही विसर.”

काकांचं ऐकलं, आणि तेच बरोबर होतं. आयोजकांना लगेच फोन केला. (हे तुम्हीही करा. उशीर होणार असं वाटल्याक्षणी कळवायचं, उशीर झाल्यावर नाही.) त्यांनी आमच्या आधीच्या बँडला थोडा जास्त वेळ वाजवायला सांगितलं आणि एक छोटी गाडी पाठवली. तिच्यात ड्रमर, गायिका, स्नेअर (ड्रम सेटमधला छोटा, कडक आवाजाचा ड्रम), सिंबल (धातूच्या मोठ्या झांजा) आणि एक गिटार एवढंच मावलं. ते पुढे गेले. आम्ही बाकीचे मेकॅनिकची वाट बघत बसलो.

पण ती छोटी गाडी येईपर्यंत आम्ही सगळेच तिथे होतो, करायला काही नव्हतं आणि इंजिन बंद होतं. गायिकेने सहज एका गाण्याचं धृपद धरलं, आम्ही खालचे सूर लावले. त्या धृपदात काहीतरी खटकतं हे आम्हाला कधीपासून जाणवत होतं, पण तालमीत ड्रम आणि अँपच्या आवाजात नेमकं सापडत नव्हतं. त्या शांततेत ते लख्ख ऐकू आलं. शेवटच्या ओळीत गिटारवाला मुख्य सुराच्या अगदी शेजारचा सूर लावत होता आणि दोन्ही एकमेकांवर घासत होते. त्याने आपला सूर एक पायरी खाली आणला, आणि धृपद मोकळं झालं. गाडीतल्या गाडीत आम्ही ते पुन्हा पुन्हा म्हटलं, काका बाहेरून टपावर ठेका धरत होते. त्या रात्री आम्ही अर्ध्या सामानावर, बेस थेट मिक्सरला जोडून वाजवलं, आणि ते धृपद तसंच गायलो. आजही तसंच गातो.

असे प्रसंग सांगायला छान वाटतात, म्हणूनच दुसरी बाजू तेवढ्याच ठळकपणे सांगतो. आमच्याकडे नवीन माणूस आला की मी त्याला बडी हॉली या अमेरिकन रॉक-अँड-रोल गायकाच्या 1959 च्या दौऱ्याबद्दल सांगतो. जानेवारीच्या शेवटी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात तो सुरू झाला. जवळजवळ रोज एक गाव, सुट्टी नाही, आणि गावांचा क्रम नकाशाला धरून नाही. आज इकडे, उद्या शेकडो मैल तिकडे, परवा पुन्हा त्याच मुलखात. कडाक्याच्या थंडीत बसचा हीटर बंद पडायचा. बस बदलली की नवी बसही बंद पडायची. विस्कॉन्सिनमध्ये बस भर रस्त्यात थांबली आणि ड्रमर कार्ल बंचला पायांना हिमदंश होऊन इस्पितळात दाखल व्हावं लागलं. दौरा त्याच्याशिवाय पुढे गेला. 2 फेब्रुवारीला आयोवात क्लिअर लेकचा शो झाल्यावर हॉलीने पुढच्या मुक्कामासाठी छोटं विमान ठरवलं. बसमध्ये गारठायला नको, थोडी झोप मिळेल, मळलेले कपडे धुऊन होतील, एवढाच विचार होता. दौऱ्यातला दुसरा गायक जे. पी. रिचर्डसन याला ताप होता म्हणून हॉलीचा बेसिस्ट वेलन जेनिंग्जने विमानातली आपली जागा त्याला दिली. मध्यरात्रीनंतर उडालेलं विमान काही मिनिटांतच कोसळलं आणि आतले चौघेही गेले. हॉली 22 वर्षांचा होता, दौऱ्यातलाच गायक रिची व्हॅलेन्स 17, रिचर्डसन 28 आणि वैमानिक रॉजर पीटरसन 21.

सगळ्यांच्या लक्षात राहतं ते विमान. माझं लक्ष मात्र त्या बसकडे आणि तारखांच्या यादीकडे जातं. दमलेली, गारठलेली, कित्येक दिवस नीट न झोपलेली माणसं सुटकेचा जो पहिला मार्ग दिसेल तो धरतात. म्हणून तारखा पक्क्या करण्याआधी नकाशा उघडा आणि दोन शोंमधलं अंतर बघा. अंतर फार असेल तर मध्ये एक मोकळा दिवस मागा, नाही मिळाला तर तो शो सोडा. तरुण बँडना शो सोडणं जिवावर येतं, मला कळतं, तरीही सोडा.

शो संपल्यावर रात्रीच गाडी हाणत पुढच्या गावी जायचं नाही, हा आमचा एकमेव न मोडण्याचा नियम आहे. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिक्रिया रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी मंदावते, हे प्रयोगांमधून दिसलंय. शोच्या दिवशी सकाळी आठला उठलेला माणूस रात्री एकला सामान भरून संपवतो तेव्हा त्याचे 17 तास तिथेच भरतात, आणि पुढचे पहाटेचे तास तर झोपेचा जोर सर्वांत जास्त असण्याचे. बँडमधल्याच कुणी चालवायचं असेल तर त्या रात्री तिथेच झोपा, सकाळी निघा. वेगळा ड्रायव्हर असेल तर तो दुपारी खरंच झोपला होता का, हे विचारा. शेजारच्या सीटवर बसेल त्याने झोपायचं नाही, ड्रायव्हरशी बोलत राहायचं. मोठ्या बँडच्या झोपायच्या बसमध्येही धोका संपत नाही. मेटॅलिकाचा बेसिस्ट क्लिफ बर्टन 27 सप्टेंबर 1986 ला पहाटे स्वीडनमध्ये बस उलटून गेला, आपल्या बर्थवर झोपलेला असताना. मी त्याचं वाजवणं ऐकत बेस शिकलो. ती तारीख मला पाठ करावी लागली नाही.

गाडीत माणसं कशी वागतात हा वेगळाच विषय आहे. आमचं ठरलंय की शोमधल्या चुकांवर त्याच रात्री गाडीत बोलायचं नाही. तेव्हा सगळे दमलेले असतात, कान सुन्न असतात, आणि “तू दुसऱ्या अंतऱ्यात पळालास” हे साधं वाक्यसुद्धा भांडणापर्यंत जातं. सकाळी तेच वाक्य दोन मिनिटांत मिटतं. गाडीत गाणी लावण्याची पाळी प्रत्येकाला मिळते, पण निम्मा प्रवास काहीच लावायचं नाही. मोठ्या आवाजात वाजवलेल्या रात्रीनंतर कानांना खरोखर विश्रांती लागते. गायिकेला तर इंजिनच्या घरघरीवरून ओरडून बोलायला अजिबात लावू नका. शोपेक्षा त्यानेच तिचा गळा आधी बसतो.

वाद्यांनाही प्रवास सोसवत नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, त्यामुळे एका गावात नीट असलेली गिटार दुसऱ्या गावात तारा उचललेल्या अवस्थेत निघते. थंडीतून उबदार हॉलमध्ये आलात की केस लगेच उघडू नका, आतलं वाद्य हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या. नाहीतर पॉलिशला बारीक तडे जातात.

विमानाने जाणार असाल तर गिटार शक्यतो सामानात टाकू नका. 2008 मध्ये डेव्ह कॅरोल या कॅनडियन गायकाची गिटार विमानतळावरच्या आदळआपटीत मोडली. विमान कंपनीने महिनोन्‌महिने भरपाई नाकारल्यावर त्याने त्यावरच गाणं केलं आणि 2009 मध्ये ते जगभर गाजलं. आपल्या प्रत्येकाचं गाणं काही गाजणार नाही, तेव्हा केस बंद करण्याआधी वाद्याचे फोटो काढून ठेवा, सीरियल नंबरसकट. देशाबाहेर जाताना तेच नंबर कार्नेटसाठी लागतात. कार्नेट म्हणजे तात्पुरतं नेलेल्या सामानाची यादी, जी प्रत्येक सीमेवर तपासून शिक्का मारतात, म्हणजे सीमाशुल्क भरावं लागत नाही. यादीत आहे आणि गाडीत नाही, किंवा उलट, असं झालं की तासन् तास तिथेच. रोजवूड या लाकडाच्या वाद्यांवर सीमा ओलांडताना 2017 पासून कागदपत्रांचा जाच आला होता, 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन रोजवूडला मात्र अजूनही परवाना लागतो, त्यामुळे जुनी मौल्यवान गिटार असेल तर तिचं लाकूड कोणतं ते निघण्याआधी नक्की करून घ्या.

शेवटचं, तुमच्या ड्रमरसाठी. एका दौऱ्यात आमचे ड्रम दुसऱ्याच विमानाने दुसऱ्याच शहरात गेले. सामानाच्या पट्ट्यावर आमच्या सगळ्यांचं सगळं आलं, पट्टा थांबला, आणि ड्रमर तिथेच उभा. त्या रात्री आमच्या आधी वाजवणाऱ्या बँडच्या ड्रमरने, जिची आणि आमची तोवर ओळखही नव्हती, आपला अख्खा सेट दिला. स्टूलची उंची बदलायलाही तिने स्वतःच मदत केली. पण स्नेअर, सिंबल आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) पेडल या तीन गोष्टी ड्रमर सहसा एकमेकांना देत नाहीत, कारण त्या लगेच खराब होतात आणि प्रत्येकाच्या हातापायाला त्यांची स्वतःचीच सवय असते. आमच्याकडे त्या होत्या. ड्रमर त्या कायम वेगळ्या बॅगेत, स्वतःच्या हातात ठेवतो. सिंबल विमानात वर ठेवू देतील की नाही ते आधी विचारून घ्यावं लागतं, पेडल तपासणीत बाहेर काढून दाखवावा लागतो, स्नेअरची बॅग पायाशी धरून बसावं लागतं. एवढं करून पोचलात की बाकीचा सेट कुठेही, कुणाकडूनही मिळतो.