मुलांचं अपेंडिक्स ऑपरेशन न करता बरं होतं का?

होतं, पण सगळ्यांचं नाही, आणि झालं तरी परत उलटणारच नाही याची खात्री नाही. तुमचा मुलगा ८ वर्षांचा, कालपासून दुखतंय, सर्जन म्हणतात काढून टाकू आणि घरचे म्हणतात आधी गोळ्यांनी बघू. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी सेम हेच झालेलं म्हणून लिहितेय.

लेक तेव्हा ९ वर्षांची. आधी बेंबीपाशी दुखत होतं, आम्हाला वाटलं शाळेबाहेर काहीतरी खाल्लं असेल, रात्री उलट्या आणि सकाळपर्यंत दुखणं उजवीकडे खाली सरकलं. सासूबाई एरंडेलाची बाटली घेऊनच उभ्या, नशीब पोरीने तोंड उघडलं नाही (अपेंडिक्सचा संशय असेल तर जुलाबाचं औषध द्यायचं नसतं, फुटायची भीती असते, हे मला नंतर कळलं). रिक्षात प्रत्येक स्पीडब्रेकरला कळवळायची. डॉक्टर पोटाला हात लावायच्या आधी म्हणाले एक उडी मार बघू, तर ही नुसत्या टाचा उचलूनच रडायला लागली.

सोनोग्राफीत अपेंडिक्स सुजून ९ एमएम, पण फुटलेलं नाही, पू नाही, आणि आत खडा नाही. हा खडा तुमच्या रिपोर्टमध्ये आहे का ते आधी बघा, आत अडकून कडक झालेल्या शौचाचाच असतो तो, आणि तो असला की औषधांवर सहसा निभत नाही. आमचे सर्जन म्हणाले ट्राय करू, पण इथेच ॲडमिट करून, शिरेतून अँटिबायोटिक, आणि २४ तासांत फरक नाही तर सरळ ऑपरेशन थिएटरमध्ये. म्हणजे ऑपरेशन नको म्हणजे दवाखानाच नको असं नसतं, हे घरच्यांना नीट समजवा. पहिली रात्र उपाशी, नुसतं सलाईन, दर थोड्या वेळाने कोणीतरी येऊन पोट दाबून बघणार. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने चहा-बिस्कीट मागितलं तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्या दिवशी घरी, पुढे तोंडाने औषध.

पाच महिन्यांनी परत तेच. मग मात्र दुर्बिणीतून काढूनच टाकलं.

आधीच काढलं असतं तर बरं झालं असतं का, यावरून नवऱ्याशी भांडण अजून चालू आहे 😅 पण नंतर २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात आलेला अभ्यास वाचला, कॅनडा, अमेरिका, फिनलंड, स्वीडन, सिंगापूरमधली ५ ते १६ वर्षांची ९३६ मुलं, साधं न फुटलेलं अपेंडिक्स, अर्ध्यांना औषध अर्ध्यांना ऑपरेशन. औषधवाल्यांपैकी ३४ टक्के वर्षभरात फेल. म्हणजे तिघांतली दोघं वर्षभर तरी सुटली, आमची तिसरी निघाली. जीव कोणाचाच गेला नाही. त्यामुळे तेव्हाचा निर्णय चुकला असं मला वाटत नाही, घरापासून दवाखाना दहा मिनिटांवर होता. तालुक्याला राहत असतो आणि रात्री सर्जन मिळायची मारामार असती तर मी पहिल्यांदाच ऑपरेशनला हो म्हटलं असतं.

एकच पटलं नाही, तुम्ही रिपोर्ट घेऊन घरी आलात ते. रात्रीतून दुखायचं अचानक थांबलं तर उतरलं म्हणून झोपू नका, फुटल्यावरही थोडा वेळ आराम पडतो. खरं तर आत्ताच निघा, काढायचं की औषध ते तिथे ॲडमिट झाल्यावर ठरवा, आणि तोवर त्याला खायला काही देऊ नका.