वरातीची घोडी लढाईत देऊ का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्याकडं वरातीची नुकरी, म्हणजे पांढरी घोडी आहे. सात वर्षांची, माळेगावच्या जत्रेत घेतलेली. कंधारच्या बाजूला ऐतिहासिक पिक्चरचं शूटिंग आहे म्हणून एक माणूस येऊन गेला. एप्रिलात आठ दिवस घोडी पाहिजे म्हणतो. लढाईचा सीन आहे, तोफा वाजतील, एकदा घोडी पडलेली दाखवायची आहे. घोडी बँडला, फटाक्याला भीत नाही. पैसा वरातीपेक्षा चांगला आहे. देऊ का?
– एक वाचक, ता. लोहा

उत्तर : भाऊ, घोडी द्या, पण पडायला देऊ नका.

वरातीत घोडीचं तोंड तुमच्या हातात असतं. बँड पुढं असतो, तो तिला दिसतो. सेटवर तुम्ही कॅमेऱ्याच्या मागं आणि पाठीवर अनोळखी नट. नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं घोड्याला दिसत नाही. तिथून भाले घेतलेली दहा माणसं ओरडत आली की तुमची गरीब घोडीही लाथ झाडणार. तोफेचं तर बोलूच नका. खेळात-सिनेमात जनावरं वापरण्याच्या २००१ च्या नियमांनुसार स्फोट किंवा मोठे आवाज असलेल्या दृश्याच्या वेळी जनावर जवळ ठेवता येत नाही. आवाज नंतर भरतात, शूटिंगवाल्यांना ते पक्कं माहीत असतं.

आता पडण्याचं. हॉलिवूडमध्ये पूर्वी धावत्या घोड्याच्या पुढच्या पायांना तार लावून त्याला तोंडघशी पाडत. १९३९ सालच्या एका चित्रपटासाठी घोड्याला कड्यावरून पाण्यात घातलं, तो मेला. त्यावर गदारोळ झाला आणि तिथं सेटवर देखरेख आली. आपल्याकडंही तार, खड्डा, पाय अडकवायची साधनं, सगळ्याला बंदी आहे. पडणारा घोडा वेगळा असतो. लगाम एका अंगाला ओढला की आडवं व्हायचं, हे त्याला कित्येक महिने शिकवलेलं असतं आणि खालची जमीन खणून, वाळू टाकून मऊ केलेली असते. आठ दिवसांत हे शिकवतो म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

कागदाचं थोडक्यात सांगतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी निर्मात्याला शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. मंडळाच्या ना-हरकतीशिवाय सेन्सॉरकडं अडतं. घोडीची नोंदणी आणि तंदुरुस्तीचा दाखला लागतो. परवानगी डोळ्यांनी बघा, ‘होऊन जाईल’वर गाडीत घोडी चढवू नका. नालही आधीच तपासून घ्या. गुळगुळीत फरशीवर लोखंडी नाल घसरते, तिथं चटई मागा.

पण मला खरी भीती उन्हाची आहे, आणि इथं माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शूटिंगला सकाळी सहा घोडे तपासले, दाखल्यावर सही केली आणि दुसऱ्या कॉलला निघून गेलो. संध्याकाळी फोन आला. एक तांबडा घोडा सकाळपासून खोगीर चढवून, तंग (पोटाखालचा पट्टा) आवळून उन्हात उभा होता. शॉट घेतला चार वाजता. प्यायला पाणी होतं, पण नव्या प्लास्टिकच्या टबात. त्या वासामुळं घोड्यानं तोंड लावलं नाही, आणि कुणी बघितलंही नाही. वर कौतुकानं कुणीतरी त्याला पोटभर भिजवलेला हरभरा चारलेला. मी पोचलो तेव्हा तो पोटाकडं वळून बघत होता, खुरानं माती उकरत होता. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलेलं वर येत नाही. नाकातून नळी घालावी लागली. रात्री अडीचला लीद पडली तेव्हा त्याची निगा राखणारा मोतद्दार रडला. मी गाडीत जाऊन बसलो.

म्हणून ठरवून घ्या. काम दहाच्या आत आणि पाचनंतर. शॉट नसेल तर खोगीर खाली, घोडी सावलीत. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज लागतं, घाम गाळला तर जास्तच. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा; लगेच सपाट झाली नाही, किंवा उभ्या जागी नाकपुड्या भात्यासारख्या चालल्या, तर काम बंद. अंगावर गार पाणी ओतत राहा. डॉक्टर सेटवर थांबलेला हवा, माझ्यासारखा सही करून पळालेला नको. चंदी (दाणा) आणि कडबा घरचाच, रोजच्याच मापात.

आणि बादलीही घरचीच न्या. जुनी, चेपलेली असली तरी चालेल. तिच्या तोंडची आहे ती.